पाळणाघराची बातमी

पार्कमधल्या छप्पन्न कंपन्यांना दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक वार्तापत्र जायचं. चार पानांचं, रंगीत. कुठली लिफ्ट कोणत्या दिवशी बंद राहणार, सायकली ठेवायला नवीन जागा कुठे केली, व्यायामशाळेची वेळ काय, कोणती कंपनी नव्याने आली आणि कोणती गेली, असा सगळा मजकूर. तो लिहिणारा माणूस एकच. त्यांना सगळे संपादक म्हणायचे. निम्मे लोक गमतीने म्हणायचे आणि उरलेल्यांना त्यांचं नाव माहीत नव्हतं.

तसे ते खरोखरच एका दैनिकात सव्वीस वर्षं उपसंपादक होते. दैनिक बंद पडलं तेव्हा त्यांचं वय पंचावन्न होतं. बिझनेस पार्कच्या व्यवस्थापन कार्यालयात झेरॉक्सचं यंत्र आणि पाण्याचा कूलर यांच्या मधोमध त्यांना एक टेबल मिळालं. सव्वीस वर्षांत आपल्या पानावर एकदाही दिलगिरी छापावी लागली नाही, हे ते न विचारताही सांगत. ऐकणाऱ्याला त्यात फारसं काही वाटत नसे. लिफ्टच्या बातमीत दिलगिरी छापण्यासारखं असणार तरी काय?

त्या महिन्यात कंपन्यांच्या प्रतिनिधींची समिती बसली होती. बैठकीचं इतिवृत्त एका तक्त्यात आलं. विषय, जागा, तारीख असे रकाने होते. संपादकांनी तो छापून घेतला. सायकलींची जागा, बसची नवी वेळ आणि तिसरा विषय पाळणाघर: इमारत तीन, तळमजला, पुढच्या महिन्याची एक तारीख. पहिल्या दोन गोष्टी मंजूर झाल्याचं त्यांना माहीत होतं, म्हणून तिसरीही झाली असणार असं त्यांनी धरलं. तक्ता रुंद होता, त्यामुळे 'निर्णय' हा शेवटचा रकाना दुसऱ्या कागदावर गेला होता. तो कागद कुणीतरी आपल्या कागदांबरोबर उचलून नेला. त्यावर पाळणाघरापुढे लिहिलं होतं: नामंजूर, पुरेशी मागणी नाही.

संपादकांनी बातमी पहिल्या पानावर घेतली. लिफ्ट आणि सायकली सोडून लिहिण्यासारखं वर्षभरात पहिल्यांदाच काही मिळालं होतं. शेवटी त्यांनी सवयीने एक ओळ जोडली: इच्छुक पालकांनी मुलाचं वय कळवावं.

सोमवारी अंक गेला. मंगळवार संध्याकाळपर्यंत तेवीस पत्रं आली. वार्तापत्राला त्याआधी तीन वर्षांत मिळून दोन पत्रं आली होती आणि दोन्हींत 'मला हे पाठवणं बंद करा' एवढंच होतं. ही तेवीस पत्रं मात्र लांबलचक होती. मुलगा दीड वर्षाचा आहे, दुपारी दोनदा झोपतो. मुलीला दूध चालत नाही. जुळी आहेत, दोघांना घेणार का? संपादकांनी सगळी पत्रं एकत्र करून व्यवस्थापक मॅडमना पाठवली आणि वर लिहिलं, 'प्रतिसाद उत्तम.'

बुधवारी सकाळी मॅडमनी त्यांना आत बोलावलं. त्या संपादकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होत्या आणि आवाज चढवून बोलत नसत.

"कुठलं पाळणाघर?" त्यांनी विचारलं.

संपादकांनी हातातला कागद दाखवला. मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. संपादकांनी तो दोनदा वाचला. मग ते खुर्चीत बसले. मॅडमनी बसा म्हटलेलं नव्हतं.

"पुढच्या अंकात छोटीशी दुरुस्ती टाका," मॅडम म्हणाल्या. "आणि आज या तेवीस जणांना मेल जाऊ दे. 'तांत्रिक कारणामुळे रद्द' असं लिहा."

"तांत्रिक कारण नाहीये. चूक माझी आहे."

"मग तसं लिहा. पण आज जाऊ दे."

मेल दुपारी गेला. संध्याकाळी घरी संपादकांनी बायकोला सगळं सांगितलं. ती रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेली. भाजी निवडत ऐकत होती.

"प्रिंटरने घात केला बघ," ते म्हणाले.

"प्रिंटरवर खापर कशाला फोडता? दुसरं पान मागायला तोंड नव्हतं का तुम्हाला?" ती म्हणाली. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "दिलगिरी छापाल तेव्हा छापाल. तुमच्या बातमीवर विसंबून कुणी काही करून बसलंय का, ते आधी बघा."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत संपादक तेवीस नावांची यादी घेऊन निघाले. मॅडमनी त्यांना दारात पाहिलं, पण काही विचारलं नाही.

पहिल्या इमारतीत एक लेखापाल भेटला. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. इथे पंखा बदलायला दोन महिने लागतात, पाळणाघर तीन आठवड्यांत कुठलं?" जुळ्यांचा बाप हसला. म्हणाला, "सासूबाई खूश होतील, त्यांना मुलं सोडायचीच नव्हती." दोघीतिघींनी नुसती मान हलवली आणि पुन्हा कामाकडे वळल्या. मेल आठच जणांनी वाचला होता. संपादकांना प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य म्हणावं लागलं: बातमी चुकीची होती, चूक माझी, काही अडचण झाली का? बाराव्या-तेराव्या वेळेला ते वाक्य घडाघडा येऊ लागलं आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

चौथ्या इमारतीत पाणी तपासणारी प्रयोगशाळा होती. तिथे फोन आत नेता येत नसत, दाराशी कप्प्यांत ठेवायचे. यादीतली एकोणिसावी बाई तिथे तंत्रज्ञ होती. तिशीची असेल. पांढरा कोट घालूनच ती बाहेर आली आणि तिने आधी हातमोजे काढले.

"कागदपत्रं काय काय लागतील?" तिने विचारलं. संपादक त्यासाठीच आले असणार, असं तिला वाटलं होतं.

त्यांनी सांगितलं. ती बाकावर बसली आणि हातमोजे एकात एक सारत राहिली.

"काही अडचण झाली का?"

"माझी मुलगी दहा महिन्यांची आहे," ती म्हणाली. "नणंद सांभाळते. सहा महिने झाले, आमच्याकडेच राहते आहे. तिला दुसऱ्या शहरात नोकरी आली होती, ती तिने दोनदा पुढे ढकलली. सोमवारी मी तुमचा अंक घरी नेला. तिने मंगळवारी होकार कळवला. रविवारी ती जातेय."

"मग तिला सांगा ना. अजून तीन दिवस आहेत."

"सांगितलं तर ती थांबेल."

"हो, म्हणूनच..."

"म्हणूनच नाही सांगायचं." तिने वर पाहिलं. "तिसऱ्यांदा नाही थांबणार ती नोकरी. तुम्हीपण कुठे बोलू नका. तिची मैत्रीण इथे पार्कमधल्याच बँकेत आहे."

संपादकांनी मान डोलावली.

"हातचं सोडून पळत्याच्या मागे लागले मी," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. मग तिने विचारलं, "ती खोली कशी आहे हो?"

"कुठली?"

"पाळणाघराची. तुम्ही लिहिली होती ना, इमारत तीन."

"मी पाहिली नाही."

"न बघताच लिहिलंत?"

प्रश्न साधाच होता, पण दैनिकातल्या सव्वीस वर्षांत संपादकांना इतकं कुणी लागेल असं बोललं नव्हतं. तिला वीस मिनिटं सुट्टी होती. दोघं चालत तिसऱ्या इमारतीत गेले. पहारेकऱ्याने खोली उघडून दिली. आत रंगाचे डबे, गुंडाळलेल्या जुन्या चटया आणि मोडक्या खुर्च्या होत्या. खिडक्या दोन, पूर्वेला. कोपऱ्यात हात धुण्याची मोरी होती आणि नळाला पाणी येत होतं. तिने पावलं मोजत खोली एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पार केली.

"पंधरा-सोळा मुलं मावतील," ती म्हणाली. "का नाही म्हणाले?"

"मागणी नाही म्हणून."

"कुणाला विचारलं होतं?"

"कुणालाच नसावं."

"तुम्हाला किती जणांनी लिहिलं?"

"तेवीस."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. संपादकांना हे आधी सुचायला हवं होतं, पण दोन दिवस त्यांच्या डोक्यात स्वतःच्या चुकीशिवाय दुसरं काही नव्हतं.

त्या दुपारी त्यांनी तेवीस पत्रांचा तक्ता केला. नाव, कंपनी, मुलाचं वय, अडचण. यावेळी सगळे रकाने एका कागदावर बसवले. मॅडमसमोर ठेवला.

"म्हणजे चूक तुम्ही करायची आणि ती निस्तरायला समितीने पाळणाघर काढायचं?" मॅडम म्हणाल्या.

"तसं नाही. ते म्हणतात मागणी नाही. आहे, एवढंच मला दाखवायचंय."

मॅडमनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. वाचताना एकदा थांबल्या. "हिचं मूल चार महिन्यांचंच आहे," त्या म्हणाल्या. "मीपण चौथ्या महिन्यात रुजू झाले होते. सासूबाईंच्या तब्येतीप्रमाणे माझी हजेरी लागायची." मग त्यांनी तक्ता फाइलमध्ये घातला. "बघते. आशा ठेवू नका."

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र दोघांचं वाजलं. संपादकांनी ती पहिल्या पानावर, बातमी होती तेवढ्याच जागेत आणि स्वतःच्या सहीनिशी लावली.

"हे हात दाखवून अवलक्षण झालं," मॅडम म्हणाल्या. "ज्यांनी बातमी वाचलीच नव्हती, त्यांनाही आता कळेल."

"बातमी जेवढी, तेवढीच दुरुस्ती असते."

"वर्तमानपत्रात असेल."

"मला दुसरं काही येत नाही, मॅडम."

तरी मॅडमनी छापू दिलं.

समितीपुढे विषय पुन्हा गेला. विमा, परवाना, स्वयंपाकघर नको, लहान मुलांचं शौचालय वेगळं हवं, अशी एकेक शंका निघत गेली. नामंजूरचं 'विचाराधीन' झालं आणि घोंगडं भिजत पडलं. दर बैठकीनंतर मॅडम संपादकांना नुसतं "अजून नाही" एवढं सांगत. त्यांनी न विचारताही सांगत.

नणंद ठरल्याप्रमाणे रविवारी गेली. महिन्याभराने तिला कळलं. तिने फोनवर भावाला आणि वहिनीला दोघांनाही फैलावर घेतलं, आणि मग दोन दिवस बोलली नाही. तंत्रज्ञ बाईने दुपारची पाळी मागून घेतली. नवरा सकाळी कामावर जायचा आणि चार वाजता परतायचा. तिला दोनला पोचावं लागे. मधले दोन तास मुलगी शेजारच्या घरी असायची. शेजारीण पायाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली, तेव्हा हे जमेना. संपादक एकदा चौकशीला गेले. तेव्हा ती दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात बाहेर आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "चाललंय." चौथ्या महिन्यात तिने राजीनामा दिला आणि नवरा-बायको मुलीला घेऊन तिच्या आईच्या गावी राहायला गेले. जाताना ती व्यवस्थापन कार्यालयात ओळखपत्र परत करायला आली होती. संपादक नेमके बाहेर गेले होते. तिने निरोप ठेवला नव्हता.

पाळणाघर आठव्या महिन्यात सुरू झालं. तिसऱ्या इमारतीत नाही, पाचव्या इमारतीत. व्यायामशाळा फारसं कुणी वापरत नव्हतं, ती हलवून तिथे जागा केली. मुलं अकरा आली. तेवीसपैकी कुणाची मुलं तोवर मोठी झाली होती, कुणाची सोय लागली होती, कुणी नोकरी बदलली होती. जुळी आली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

संपादकांनी पहिल्या दिवशी दारात उभं राहून तासभर पाहिलं. एक मुलगा बाप दिसेनासा झाल्यापासून रडत होता. सांभाळणाऱ्या बाईने त्याला उगी केलं नाही. नुसतं कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने बाकीच्यांची बूट-चप्पल लावत राहिली. तो पंधरा मिनिटांनी थांबला. संपादकांनी दहा ओळींची बातमी लिहिली. ती मॅडमनी जशीच्या तशी जाऊ दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतून नंबर मिळवून तंत्रज्ञ बाईला फोन केला. करावा की नाही, यात सकाळ गेली होती.

"सुरू झालं," ते म्हणाले.

"हो का?" मागे भांडी आदळल्याचा आवाज येत होता. "मुलं किती आहेत?"

"अकरा."

"सांभाळायला?"

"तिघी."

"वर्षाखालची किती?"

"दोन."

"मग पुरतील तिघी." मग तिने आपणहून सांगितलं, "मला इथे काम मिळालंय. दूध संघाच्या लॅबमध्ये. घरापासून जवळच आहे."

"बरं झालं."

"बरं म्हणजे, तिथलं काम जास्त चांगलं होतं," ती म्हणाली. तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. "कळवलंत ते बरं केलंत. ठेवते आता, हिने पाणी सांडलंय."

संपादकांनी फोन खाली ठेवला. इमारत दोनची गच्ची पुढच्या आठवड्यात दुरुस्तीसाठी बंद राहणार होती. पहिल्या पानावर जागा आहे का, असं मॅडमनी दारातून विचारलं. आहे म्हणून त्यांनी सांगितलं, आणि गच्ची नक्की कोणत्या तारखेपासून, ते विचारायला उठले.