उजव्या कडेच्या तारखा

टण्ण... ओट्यावरच्या जाळीत कसाबसा तोललेला चमचा घसरून सिंकमध्ये पडला, आणि तिची बोटं कीबोर्डवर होती तिथेच थिजली. उंच पट्टीतला, आखूड आवाज. असला आवाज बंद दारातूनही आत जातो. तिनं मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. हालचाल नाही. छकुली झोपलेली होती. ती झोप आणखी थोडी टिकली तर अर्ज जाईल, नाही तर राहिलाच. संध्याकाळी मुदत संपत होती, आणि कानाच्या दवाखान्यात जागा काही रोज निघत नाहीत.

पण या तारखा! कामाचं नाव डावीकडे, तारखा उजव्या कडेला – एवढंच तर करायचं होतं. स्पेसबार दाबत दाबत एक तारीख कडेला नेऊन बसवावी, तर दुसरी उडी मारून खालच्या ओळीत. "अगं, टेबल घाल आणि रेघा लपव," असं नवरा सकाळी बूट घालता घालता म्हणाला होता. लपवायच्या कशा, हे सांगायच्या आत लिफ्ट आली... नेहमीसारखी.

श्रवणचाचणी तंत्रज्ञ. त्याखाली तिनं लिहिलं, 'रुग्णांच्या चाचण्या घेतल्या.' खोडलं. 'चाचणी विभाग समर्थपणे हाताळला.' कोण ही समर्थ बाई? मी तर काचेच्या अलीकडे बसायचे, आवाज हळूहळू बारीक करत न्यायचे, आणि पलीकडे त्या बंद खोलीत हेडफोन लावून बसलेला माणूस ऐकू आलं की बटण दाबायचा. ऐकू न येताच दाबणारेही असायचे – बाहेर सून बसली आहे, तिला कळायला नको, म्हणून. ते आधी चोरून आवाज सोडणाऱ्या माझ्या हाताकडे बघायचे, मग दाबायचे. मग मी हात टेबलाखाली घ्यायचे आणि मशीनच बिघडलंय असं सांगून चाचणी पहिल्यापासून सुरू करायचे... हे कुठल्या ओळीत लिहितात?

आणि त्या नोकरीच्या वर, थेट आजपर्यंत, कोरी जागा.

तिनं चिमणीला फोन लावला. चिमणी पूर्वी तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. आता तिथली मुख्य झाली होती.

"कोरं ठेवू नकोस बाई," चिमणी म्हणाली. "कोरं दिसलं की कागद बाजूला जातो. मी स्वतःच टाकते, तुला म्हणून सांगते."

"मग काय लिहू? दुपटी धुतली?" ती कुजबुजली.

"स्वतंत्र सल्लागार लिही. सासऱ्यांचं कानाचं मशीन तूच बसवून दिलंस ना? झालं तर! एक रुग्ण, तोही कायमचा."

"डबीत पडलंय ते. सासूबाई बोलायला लागल्या की काढून ठेवतात."

"मग याहून चांगला उपयोग कुठला?"

दोघी हसल्या, ती तोंडावर हात धरून. फोन ठेवल्यावर ते हसू कुठे गेलं कळलंच नाही. तिनं लिहिलं – 'स्वतंत्र श्रवण सल्लागार, आजपर्यंत.' आणि काय गंमत, तारखा आपोआप एका रेषेत आल्या, पान एकदम भरल्यासारखं दिसायला लागलं, जणू ते इतका वेळ याच ओळीसाठी अडून बसलं होतं.

खोटं म्हणावं तर तसं फार खोटं नाही. छकुली जन्मली त्याच्या दुसऱ्या दिवशी, नर्सची पाठ वळल्यावर, तिनं किल्ल्यांचा जुडगा बाळाच्या कानामागे वाजवला होता. डॉक्टरांवर विश्वास नव्हता असं नाही. तिला आपलं स्वतः बघायचं होतं. पापणी लवली. एवढीशी. उभ्या नोकरीत कुठल्या निकालाची तिनं इतका श्वास धरून वाट पाहिली नव्हती... ती चाचणीही आता या सल्लागार बाईंच्याच खात्यावर. असू दे. खरं लिहायलाही अंगात बळ लागतं, आणि उरलंसुरलं बळ तिला रात्रीच्या भांड्यांपर्यंत पुरवायचं होतं.

अर्जाला फोटो हवा होता. सापडला तो जुना, ओळखपत्रासाठी काढलेला. ताठ मान, विंचरलेले केस, रात्रभर सलग झोपलेल्या माणसाचे डोळे. तिनं तो वरच्या कोपऱ्यात बसवला. हिला नोकरी मिळेल, तिला वाटलं. मी असते तर हिलाच घेतलं असतं. आणि अचानक त्या बाईशी आपली धड ओळखही नाही, हे तिच्या लक्षात आलं.

मांडीला ऊब लागली. छकुली कधी उठून आली, तिला पावलं ऐकूच आली नव्हती. गालावर उशीचे वळ घेऊन ती वर चढली, पडद्याला नाक लावून बसली.

"ही तू?"

"हो. मीच."

"आणि मी?"

"तेव्हा तू नव्हतीस, राणी."

छकुलीनं बोट उचलून त्या फोटोच्या गालावर ठेवलं, जरा दाबलंही. 'पाठवा' या शब्दावर बाण येऊन थांबला होता, आणि माउसच्या बटणावर आईचं बोट तसंच टेकलेलं.

"आई... हिला मी माहितीये?"