पंपाला पाणी का येईना

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूनं नम्रपणे बोलावं, अशी रीत आहे. मला ते जमणार नाही. मी ओतीव लोखंडाचा आहे, तापलो की लवकर निवत नाही.

कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा फाउंड्रीत माझा जन्म झाला. काळ्या वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं आणि मी झालो. माझे भाऊबंद कृष्णाकाठी उसाला पाणी पाजायला गेले. मला मात्र साताऱ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आणलं. तिथल्या प्रयोगशाळेत फरशीखाली पाण्याचा हौद होता. त्याच्या काठावर मला बोल्टांनी आवळून बसवलं, एक पाइप खाली हौदात सोडला आणि दुसरा वरच्या टाकीत नेला. मुलांनी मला चालवावं, मी किती पाणी उचलतो ते मोजावं आणि त्यातून शिकावं, एवढंच माझं काम. भाऊ ऊस भिजवतील, मी माणसं घडवीन, असं मला वाटायचं. किती भाबडा होतो मी!

सुरुवातीची वर्षं झकास गेली. मुलं मला खोलायची, हात काळे करून घ्यायची, भिजायची. त्यांना शिकवायला बिराप्पा खरात सर होते. जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातले. लहानपणी घोटभर पाण्यासाठी मेंढरांमागं उन्हातान्हात हिंडलेला माणूस, त्यामुळे माझ्या नळातून वाया गेलेलं पाणी त्यांना बघवायचं नाही. त्यांची शिस्त कडक होती आणि तोंड त्याहून कडक.

पुढे सरांकडे वर्गातले तास आणि परीक्षेचं काम तेवढं ठेवून त्यांना दुसऱ्या इमारतीत बसवलं आणि माझे दिवस फिरले. एके दिवशी माझं पाणी थांबलं. मोटार फिरायची, मी गुरगुरायचो, पण वर थेंब चढत नव्हता. नव्या शिक्षकांनी बटण दाबून पाहिलं आणि नाद सोडला. मुलं मागच्या वर्षीचे आकडे उतरवू लागली. हसू नका. मी ठणठणीत कोरडा होतो आणि माझ्या पाण्याची मोजमापं मात्र दरसाल लिहिली जात होती.

खंडेनवमीला मात्र माझा थाट बघावा. त्या दिवशी आपल्याकडे यंत्रांची पूजा होते. मला पुसायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूचा भला मोठा हार घालायचे आणि माझ्याबरोबर फोटो काढायचे. दुसऱ्या दिवशी हार उतरायचा. निर्माल्य कचऱ्याच्या डब्यात टाकणं बरं नव्हे, नदी लांब, मग हात जोडून ते माझ्याच हौदात सोडून द्यायचे. ज्याच्याकडे वर्षभर ढुंकून बघायचं नाही, त्याला एक दिवस नमस्कार करायचा. मला भयंकर संताप यायचा.

यंदा विभागप्रमुखांनी माझ्या नावापुढे ‘नादुरुस्त’ असं लिहिलं. सोमवारी भंगाराची गाडी येणार, असं ठरलं. माझ्या जागी एक मोठा पडदा लागणार होता आणि त्या पडद्यावर पंपाचं चित्र पाणी उचलून दाखवणार होतं.

आदल्या शनिवारी शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ होता. खरात सरांची निवृत्तीही त्याच दिवशी. समारंभाआधी सर मला बघायला आले आणि मुलं त्यांना शोधत मागोमाग आली. पुढे अंकिता होती, माधवनगरची, रेशमी साडीत.

“सर, सगळे थांबलेत. जाता जाता आम्हाला दोन शब्द सांगा ना.”

“दोन शब्द हितंच सांगतो,” सर म्हणाले. “ह्यो पंप पानी उचलत न्हाई. का उचलत न्हाई ते सांगा.”

त्यांच्यातल्या दिग्विजयनं बटण दाबलं. मी गुरगुरलो. पाणी आलं नाही.

“मोटार गेलीय सर. नवीन टाकायला लागंल,” दिग्विजय म्हणाला.

“आतला पंखा झिजला असेल. तो मागवू या,” अंकिता म्हणाली.

वाईकडच्या ऋषिराजनं तोवर मोबाइल काढला होता. “सर, ह्यो बघा, सेन्सरवाला पंप. लय भारी हाय.”

सकाळी सहकाऱ्यांनी दिलेला नारळ आणि शाल सरांच्या हातात होती, ती त्यांनी माझ्या मोटारीवर आपटली.

“मी काय इचारलं? पानी का येत न्हाई, ह्ये इचारलं. आन तुमी मला काय इकत आणायचं ते सांगताय. दुखतंय कुटं ते बघितलं न्हाई आन निगाला ऑपरेशनला. चार वरसं ह्येच शिकवलं व्हय रं मी?”

माझं सोमवारचं मरण त्या पोरांच्या उत्तरावर अवलंबून होतं आणि सरांची उभी हयातही.

“ऋषिराज, तुमची नदीवर मोटार हाय ना? तिनं पानी उचललं न्हाई तर काय करतोस?”

“भरून घेतो सर. वरनं पानी वततो. ते आत थांबलं न्हाई, तर पाइपाच्या बुडाची झडप बघतो.”

“मग हितं का न्हाई बघितलीस?”

ऋषिराजनं मान खाली घातली. “ती घरची मोटार हाय सर. ह्यो लॅबमदला पंप हाय.”

हे ऐकून सरांपेक्षा माझाच राग वाढला. रानात ज्याला अक्कल आहे, तो कॉलेजात शिरताना ती चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवतो.

“पान्याला कळतं व्हय रं, घर कुटलं आन लॅब कुटली?” सर म्हणाले.

ऋषिराज गेला आणि बादली घेऊन आला. माझ्यात पाणी ओतलं, ते गडगडत खाली हौदात निघून गेलं. अजून ओतलं, तेही गेलं. मग कुणी काही सांगायची वाट पाहिली नाही. अंकितानं पदर खोचला, दिग्विजयनं नव्या कुडत्याच्या बाह्या सारल्या आणि तिघांनी मिळून हौदातला पाइप वर ओढला. बुडाच्या झडपेत काळा चिखल, कुजलेला झेंडू आणि हारांचे नायलॉनचे दोरे गुरफटून बसले होते. झेंडू सडला होता, दोरे जसेच्या तसे होते.

“ह्ये आमीच टाकलंय सर,” दिग्विजय हळूच म्हणाला.

“ते कळलं. काय झालं हुतं ते बोला.”

“दोऱ्यानं झडप मिटत नव्हती,” अंकिता म्हणाली. “आतलं पाणी खाली जायचं, पंप कोरडा फिरायचा. बाकी याला काहीच झालेलं नाही.”

“आता कळला प्रश्न. चालू करा.”

दोरे कापले, झडप धुतली, पाइप बसवला, मला भरून घेतलं. मी पाणी उचललं. वरच्या टाकीत ते असं आदळलं, की बाहेर उभी असलेली मुलं आत धावली.

“ह्येच माजे दोन शब्द,” सर म्हणाले. “आदी वाकून बघायचं, बोलायचं मागनं. आन घरनं आणलेली अक्कल दाराबाहीर ठेवायची न्हाई.”

गलका ऐकून विभागप्रमुख आले. “हा कुणाला विचारून चालू केला? याचा निर्णय झालाय.”

खरात सर मुलांकडे बघत राहिले.

“सर, नादुरुस्त लिहिण्याआधी खाली झडप बघितली होती का?” अंकितानं विभागप्रमुखांना विचारलं.

“सगळं कागदावर गेलंय आता.”

“मग कागद बदला सर,” ऋषिराज म्हणाला. “पंप चालतोय. तुमी बघताय.”

विभागप्रमुखांनी टाकीत पडणारं पाणी एकदा बघितलं आणि ते निघून गेले. सोमवारी भंगाराची गाडी आली, मोडकी बाकं भरून गेली. मला कुणी हात लावला नाही.

सर मात्र त्या शनिवारीच कॉलेज सोडून गेले. जाताना त्यांनी माझ्यावर हात ठेवला. मला वाटलं, निरोप घेताहेत. तर ते माझं बेअरिंग तापलंय का, ते बघत होते.

मित्रांनो, मला हार घालू नका. तुमच्या घरातली, शाळेतली एखादी वस्तू बंद पडली, तर ‘गेली’ म्हणण्याआधी खाली वाकून बघा. त्यानं कुणाची कंबर मोडत नाही.