कौमुदीचा ग्रह आणि माझा वारा

मी एक जुना टेबलफॅन आहे. मित्रांनो, माझी पाती एके काळी आकाशी रंगाची होती. आता फिरू लागलो की मान कुरकुरते आणि पोटातली मोटर तापते. दमलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

बडोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या दीनानाथांनी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मला घरी आणले. इथला मे महिना म्हणजे नुसती भट्टी. मी दिवसरात्र राबलो. त्यांची पत्नी निरुपमाबाई पोळ्या आटोपून माझ्यासमोर टेकत आणि म्हणत, "हाश! जिवात जीव आला." त्यांची लेक कौमुदी माझ्या जाळीजवळ तोंड नेऊन "आऽ" करायची आणि स्वतःच्या थरथरत्या आवाजाला हसायची. ते माझे सुखाचे दिवस.

पुढे शहराच्या कडेला छाणीला फ्लॅट झाला, एसी आला आणि मी माळ्यावर गेलो. धुळीने माझी जाळी बुजली. कुणी विचारले नाही.

कौमुदी मात्र मोठी संशोधक झाली. एका लहानशा तांबड्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरणाऱ्या ग्रहावर हवा टिकली असावी, असे तिने गणिताने मांडले. पेपरात तिचा फोटो आला. दीनानाथांनी सोसायटीभर पेढे वाटले. इथल्या मराठी मंडळाने अलकापुरी भागातल्या हॉलमध्ये तिचा सत्कार ठरवला.

सत्काराला दोन दिवस असताना ती घरी आली, तीच उतरलेल्या चेहऱ्याने.

"बाबा, मंडळाला कळवा, मी येत नाही. दुर्बिणीची मोजमापं आली. ग्रह उघडाबोडका आहे. हवाच नाही."

"मग गेली कुठे?"

"ताऱ्याच्या वाऱ्याने नेली."

"ताऱ्याला वारा असतो?"

"असतो. बारीक कणांचा, भयंकर वेगाचा."

दीनानाथ उठले. मग शिडी लावून त्यांनी मला खाली काढले, पुसले आणि ते म्हणाले, "मला दाखव."

कौमुदीने रबरी चेंडूवर पावडर थापली आणि तो दोरीने माझ्यासमोर धरला. लांब होता तेव्हा पावडर जेमतेम हलली. जवळ आणताच ती शेपटीसारखी उडत गेली.

"पण मागच्या बाजूला राहिली की," दीनानाथ म्हणाले.

"हवा अशी एका जागी बसत नाही, बाबा. मागची पुढे वाहत येते, मग तीही जाते. कोट्यवधी वर्षं हेच चालतं."

"मग तुझं चुकलं कुठे?"

"असले लहान तारे फार काळ तापट राहतात. तरुणपणी माझ्या ताऱ्याचा वारा किती जोराने वाहत होता, ते मी कमी धरलं."

"हेच सांग तिथे."

"लोक हसतील."

"पेढे मी वाटलेत," दीनानाथ म्हणाले. "आधी मला हसतील."

रविवारी स्कूटरवर त्यांच्या पायांशी बसून मी अलकापुरीला गेलो. अध्यक्ष बळवंतराव शाल उलगडत होते. कौमुदीने त्यांना थांबवले आणि माईक हातात घेतला. "माझ्या ग्रहावर हवा नाही. माझा अंदाज चुकला." पावडर थापलेला चेंडू माझ्यासमोर धरून तिने माझे बटण दाबले. मी नुसता घुमलो, पाते हलेना. मित्रांनो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेवढ्यात दीनानाथ पहिल्या रांगेतून उठले. जाळीतून पेन्सिल घालून त्यांनी पात्याला ढकलले आणि मी सगळा जोर एकवटून फिरलो. पावडर उडाली ती थेट बळवंतरावांच्या काळ्या कोटावर! हॉल खदखदला, बळवंतरावही.

त्यानंतर लोक विचारू लागले. शेजारच्या पद्माबेन उभ्या राहिल्या; मग आपलीही हवा उडून जाईल का, ही त्यांची काळजी. "कौमुदीबेन, तो आपणी हवा पण उडी जशे?"

"आपल्या सूर्यालाही वारा आहे, बेन. पण आपण लांब आहोत, सूर्य आता निवळलाय आणि पृथ्वीचं चुंबकत्व बराचसा वारा बाजूला वळवतं. तरी थोडी थोडी हवा निसटतेच. आपल्याकडे अजून उरली आहे, एवढंच."

बळवंतरावांनी कोट झटकला आणि शाल तिच्या खांद्यावर घातली. "ही कालच्या बातमीची नाही," ते म्हणाले, "आजच्या बोलण्याची." दीनानाथ तेव्हा चष्मा पुसत होते, बराच वेळ पुसत होते.

घरी आल्यावर माझ्या मोटरमधून जळका वास आला. आता मी फिरत नाही. पण माळ्यावरही गेलो नाही. खिडकीशी बसून रस्ता बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल, तर त्याला वेळच्या वेळी तेलाचे दोन थेंब द्या. आणि आणखी एक मागतो. मी जन्मभर हवा नुसती हलवली. कणभरही बनवू शकलो नाही. तुम्हाला मिळालेली ही हवा सांभाळा.