सुपरवायझरच्या बहिणी

आमच्या कंपनीत बायकांच्या तक्रारीवर एकच औषध आहे, राखी. डोंबिवली एमआयडीसीतला रंगाचा कारखाना, पन्नासेक माणसं, त्यात बायका मोजक्याच. सुपरवायझर सुदेश कुणा बाईच्या अंगचटीला गेला आणि ती रडत ऑफिसात गेली, की शिवराम साहेब ड्रॉवर उघडतात. साहेब मॅनेजर आहेत, देवभोळे आहेत. सण उलटल्यावर स्वस्तात मिळालेलं राख्यांचं पाकीट त्यांनी ड्रॉवरमध्ये कायमचं ठेवलेलं आहे. मग कॅन्टीनमध्ये ताम्हन येतं, सगळ्यांसमोर ती बाई सुदेशला राखी बांधते आणि साहेब टाळ्या वाजवतात. बहीण-भाऊ झाले, विषय संपला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी पॅकिंगमधली मालन, सुदेशची थोरली बहीण. माझ्यानंतर पॅकिंगमधल्याच शेवंती आणि स्वप्ना झाल्या. माझा सख्खा भाऊ गुणाजी कोपरला राहतो, तो सणावारी भेटतो. हा रोज भेटतो.

यंदा होळीच्या आधी लॅबमधल्या संचिताचा नंबर लागला. आंबिवलीची पोरगी, नवीन लागलेली, अजून कायम व्हायची होती. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"मावशी, तो सॅम्पल बघायच्या नावाखाली मागे येऊन उभा राहतो. परवा कमरेला हात लावला. साहेब बोलतात, चुकून लागला असेल."

"असेल," मी म्हणाले. तसं म्हणायची मला सवय झालेली.

"चुकून लागलेला हात पटकन मागे जातो, मावशी. ह्याचा जात नाही."

मी डबा बंद केला. इतकी वर्षं मला जे नीट सांगता आलं नव्हतं, ते ही पोरगी चपाती मोडता मोडता सांगून गेली. मला भयंकर राग आला. सुदेशचा आला, साहेबांचा आला, त्या ताम्हनाचासुद्धा आला. "राखी बांधलीस ना, मग झालं," असं म्हणून कूस बदलणाऱ्या नवऱ्याचा तर शिळा राग ताजा झाला.

संचिताने लेखी अर्ज दिलेला. साहेबांनी तो उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला. "शुक्रवारी राखी बांध," ते तिला म्हणाले. "तुला कायम करण्याचं पत्र तयारच आहे. त्यात विघ्न कशाला आणतेस?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त साहेबांनी तो शुद्ध मराठीत दिला.

शुक्रवारी सुदेश इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि त्याने आपणहून बाही वर केली. सरावच होता. संचिताने ताम्हनातली राखी उचलली आणि थांबली.

"साहेब, एक विचारू? बांधल्यावर हे थांबतं ना?"

साहेब हसले. "अगं, बहिणीला कोणी त्रास देतं का? विश्वास नसेल तर या तिघींना विचार."

साहेबांना वाटलं, प्रश्न मिटला. संचिता माझ्याकडे वळली.

"मावशी, थांबला?"

भजी तळणारा परशुराम झारा हातात धरून तसाच उभा राहिला. मला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. म्हटलं असतं, तर संध्याकाळी निमूट घरी जाऊन भात लावला असता. नोकरी मलाही हवी होती.

"सांग ना, ताई," सुदेश म्हणाला.

स्टोअरमध्ये ड्रमांच्या आड वाट अडवतो तेव्हाही तो हेच म्हणतो, याच आवाजात.

"नाही थांबला," मी म्हणाले. "आधी मालन म्हणून हात लावायचा. आता ताई म्हणून लावतो."

शेवंती उठली. "मला पण ताईच बोलतो," ती म्हणाली. स्वप्ना रडत रडत येऊन आमच्याजवळ उभी राहिली.

"अरे, मस्करी करतात ह्या," सुदेश म्हणाला. कुणी हसलं नाही. त्याची बाही अजून वरच होती.

संचिताने राखी ताम्हनात परत ठेवली. "माझा अर्ज द्या, साहेब. कपाखालचा. दहा माणसं असली तरी तक्रार समिती लागते, तसा कायदा आहे. तुम्ही नेमली नाही, तर मी ठाण्याला जिल्ह्याच्या समितीकडे जाते."

साहेब तिला सोडून माझ्याकडे वळले. "मालनबाई, तुमचं प्रकरण तर केव्हाच मिटलं होतं."

"तुमच्याकडे मिटलेलं, साहेब. माझ्याकडे रोज चालू होतं."

सोमवारी चौघीजणी सुट्टी टाकून ठाण्याला गेलो. संचिताचं पत्र निघालं नव्हतं. निघेल की नाही, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. रिक्षात मी तिचा हात धरून बसले.

समितीतल्या बाईंनी आधी तिचं सगळं लिहून घेतलं, मग माझं. सुदेशचं नाव लिहून त्यांनी वर पाहिलं.

"ह्यांच्याशी तुमचं नातं काय?"

शेवंतीने माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही," मी म्हणाले. "तो आमचा सुपरवायझर आहे."

बाईंनी तसं लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला.