भीमसिंगच्या वाटचा खर्रा

भीमसिंगची बरसी भर फवारणीत आली. येणारच होती, मेलाच तो फवारणीत. तांड्यातले अर्धे माणसं वावरातून पंप उतरवून तसेच त्याच्या मायच्या, धनीबाईच्या अंगणात येऊन बसले. कपड्याले तोच औषधाचा उग्र वास. मोईनचं डोकं तिथंच सणकलं.

मोईन म्हणजे राळेगावच्या जलाल मिस्त्रीचं पोरगं. नववीत मास्तरच्या अंगावर धावून गेलं अन् शाळा सुटली. बापाच्या दुकानात फवारणीचे पंप दुरुस्त करता करता भीमसिंगसंगं रोजीनं फवारायलेही जाऊ लागलं. मागच्या साली कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलती. दोघं एकाच वावरात, एकाच ड्रममधलं औषध मारत होते. दिवस कलता कलता भीमसिंग ओकत ओकत धुऱ्यावर आडवा झाला. मोईनले चार दिवस धूसर दिसलं, मंग उठला. भीमसिंग नाई उठला.

दवाखान्यात डॉक्टरनं धनीबाईले विचारलं होतं, "औषध घेतलं का यानं?"

"हो साहेब, सकाळीच घेतलं. दुकानातून."

पोरानं वावराच्या मालकासाठी फवारणीच्या औषधाचा डबा इकत आणलता, ते सांगत होती बिचारी. झालं! विष प्याला, असंच ठरलं. तांडाही तेच म्हणे, त्यानं घेतलं. अन् धनीबाई वरीसभर खाली मान घालून पाणी भरे.

मोईनले वेगळीच टोचणी होती. लोक म्हणत, नशीबवान आहेस. बाप म्हणे, अल्लाची मर्जी. मोईनले दोन्ही पटे ना. ड्रम एक, वारा एक, अन् मीच काहून उरलो?

"काय मोईनमिया," भीमसिंगचा चुलतभाऊ किसनसिंग खेकसला, "यमानंही तुले परत धाडलं? तोंड पाहून घाबरला असन!"

"तुले पाहून तर म्हैस आटते, चूप बस!"

चार जणं हसले. धनीबाईनं निखाऱ्यावर भीमसिंगच्या नावाचं तूप सोडायले हात पुढं केला, तेवढ्यात म्हातारा देवसिंग पुटपुटला, "ज्यानं आपल्या हातानं घेतलं, त्याची कायची बरसी?"

तिचा हात तसाच राह्यला. मंग तिनं हळूच म्हटलं, "किसन, खर्रा ठेव त्याच्या नावानं. लय आवडे त्याले."

किसनसिंगनं खिशातून पन्नी काढली, तळहातावर घोटली. निवदाच्या पानावर चिमूट ठेवली अन् दुसरी चिमूट तोंडाकडं नेली. मोईनची नजर त्याच्या बोटांवर गेली. नखांत पांढरं औषध वाळलं होतं.

मोईननं झपकन हातावर फटका मारला. सुपारी, तंबाखू सगळं मातीत.

"मेलेल्याचा वाटा सांडला बे!" किसनसिंगनं त्याची कॉलर धरली.

"हात पाह्य तुहे! हात!" मोईन ओरडला. "तोही असाच खात होता! दुपारी माहं त्याचं भांडण झालतं. मले नववी नापास म्हणला. मंग अर्धा खर्रा पुढं केला, ओल्या हातानं. मी थुंकलो, नाई घेतला. त्यानं माह्या वाटचाही खाल्ला."

बोलता बोलताच ते मोईनले समजलं. वरीसभर जे शोधत होता, ते एवढंसं निघालं. राग आलता म्हणून तो जिता होता.

धनीबाई उठली. तिनं किसनसिंगचा हात धरला अन् नाकाशी नेला. बराच वेळ धरून राह्यली.

"त्याच्या तोंडाले हाच वास होता," ती म्हणली. "म्हणजे त्यानं घेतलं नाई."

"नाई मावशी. त्यानं खर्रा खाल्ला."

देवसिंग आपलेच बोटं पाहत बसला. तोही वावरातूनच आलता.

धनीबाई बादली अन् साबणाची वडी घेऊन आली.

"पहिले तुम्ही, देवसिंगभाऊ."

म्हातारा मुकाट्यानं पुढं सरकला. मंग किसनसिंग, मंग सारे. मोईननं वर्षभरात पंप पाठीवर घेतला नव्हता, तरी त्यानंही हात पुढं केले. ती प्रत्येकाच्या हातावर पाणी घालत होती अन् मधून वास घेऊन "अजून घास" म्हणत होती. मातीत पांढरट ओघळ चालला होता.

"काकी," किसनसिंग म्हणला, "निखारे विझून राह्यले. तूप राह्यलं ना सोडाचं."

"राहू दे," धनीबाई म्हणली. "वरीसभर थांबला तो. हात साफ निघेपर्यंत अजून थांबन."