दोनशे कौलांचा डोस

"जगातले निम्मे रोग कोर्टात जन्मतात आणि उरलेले निम्मे दवाखान्यात वाढतात. आज कोल्हापुरानं या दोघांचं लगीन लावून रोगाचाच निर्वंश केलेला हाय."

गुळाचे व्यापारी हंबीरराव यांनी आक्का स्मारक धर्मार्थ दवाखान्यात हे उद्गार काढले तेव्हा टाळ्या पडल्या, नारळ फुटला, पेढे वाटून संपले, आणि मग लक्षात आलं की वकिलांना बसायला खुर्चीच आणलेली नाही.

शहात्तर साल होतं. गरिबाला कायद्याचा सल्ला फुकट मिळाला पाहिजे अशी त्या वर्षी हवा होती, आणि हवा कुठली का असेना, हंबीरराव तिच्यात पहिले उभे असत. दवाखाना त्यांच्या आईच्या नावाचा; तिथंच वकील बसवला तर वेगळ्या जागेचं भाडं वाचतं, हा त्यांचा हिशेब. त्याला ते समाजकार्य म्हणत, आणि तसं ते होतंही.

नृसिंहपंत हे ते वकील. कोर्टातून निवृत्त झालेले, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. खुर्ची मिळेपर्यंत त्यांना इंजेक्शनचं स्टूल देण्यात आलं. ते गोल फिरायचं. त्यामुळे पंत सल्ला द्यायला लागले की पहिलं वाक्य अशिलाकडे आणि दुसरं औषधाच्या कपाटाकडे जाई. खुर्ची पुढे कधीच आली नाही.

पहिले पंधरा दिवस पंतांकडे कुणी फिरकलं नाही. एक म्हातारा आला, त्यानं त्यांना शर्टाची बाही वर करून दंड दाखवला आणि गेला. पडद्याच्या पलीकडे मात्र डॉक्टर वर्धमान उपाध्यांची रांग रस्त्यापर्यंत. येताना बाटली आपली आपण आणायची, कंपाउंडर बाळासो तीत लाल औषध ओतून वर डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवणार, अशी तिथली रीत. बायडाबाईची बाटली तर फळीवरच मुक्कामाला असे. जाड काचेची, रुंद बुडाची, घट्ट बुचाची बाटली. रोज ने-आण कशाला, असं बाळासोनं एकदा म्हटलं आणि तेव्हापासून ती दवाखान्याचीच झाली.

बायडाबाई राधानगरीकडची. नवरा वारल्यावर शुक्रवार पेठेत चाळीतल्या एका खोलीत राहून लोकांची चटणी कुटून द्यायची. दर पावसाळ्यात तिला दमा गाठायचा. मग डॉक्टर बाहेरचं महाग इंजेक्शन लिहून देत आणि ते हंबीररावांच्या धर्मखात्यातून येई. गुळाच्या प्रत्येक सौद्यामागे धर्मादाय म्हणून जे बाजूला पडे ते या खात्यात. हंबीररावांनी त्यातला चहासुद्धा कधी घेतला नव्हता. याबाबतीत बाजारात त्यांच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती.

वळवाचा पहिला पाऊस पडून गेला त्या दिवशी बायडाबाईचा खोकला पडद्यातून आरपार आला. पंतांना काम नव्हतंच. त्यांनी स्टूल तिकडे फिरवलं.

"बाई, हा खोकला येतो कुठून?"

"वरनं."

"छातीतून येतो हो," आतून डॉक्टर म्हणाले.

"छातीतनं भाईर पडतोय डाक्टर. येतोय वरनं. कौलं फुटल्यात. पावसाचं पाणी भित्तीत, भित्तीचं अंथरुणात, आन अंथरुणाचं माझ्यात."

पंतांचे डोळे चमकले. "घरमालकाला नोटीस देऊ. दुरुस्ती त्यानंच करायची, कायदा आहे. नाव सांगा."

बायडाबाईनं पदर तोंडाला लावला. बाळासो अकारण बाटल्या पुसायला लागला.

"सांगा की."

"ज्याच्या दवाखान्यात बसलायसा, त्योच," ती हळूच म्हणाली. "नोटीस दिली तर खोली जाईल, आन हितलं औषधबी जाईल. आता निदान खोकायला तरी जागा हाय मला."

ती गेल्यावर डॉक्टर पडदा सारून बाहेर आले. "पंत, मी इंजेक्शन देतो आणि ती ओल्यात जाऊन झोपते. म्हणजे मी चार वर्षं छपराला इंजेक्शन देतोय. आणखी चार पावसाळे ती काढणार नाही."

"मालक कौलं का घालत नाहीत?"

"भाडं सात रुपये. कायद्यानं भाडं वाढवता येत नाही, म्हणून ते कौल वाढवत नाहीत."

शनिवारी शाहूपुरीतले सौदे आटोपून हंबीरराव बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर सही करायला आले. बायडाबाईच्या चिठ्ठीवर त्यांचा हात थांबला.

"डॉक्टर, हे काय लिवलंय? मंगलोरी कौलं, दोनशे?"

"औषध आहे. बाहेरून लावायचं."

"कुठं लावायचं?"

"तुमच्या छपराला," पंत म्हणाले. नेमकं त्याच वेळी स्टूल फिरल्यामुळे हे ते कपाटाला म्हणाले.

हंबीररावांनी चिठ्ठी खाली ठेवली. "वकीलसाहेब, सात रुपड्याच्या भाड्यात दोनशे कौलं बसत्यात व्हय?"

"इंजेक्शनं बसतात की. चार पावसाळ्यांच्या इंजेक्शनांत तुमच्या सगळ्या चाळीवर कौलं चढली असती."

"ती धर्मखात्यातनं गेली. ते खातं येगळं, घराचं खातं येगळं."

"पैसा तुमचाच ना?"

"आसं कसं म्हंतासा? धर्माचा पैसा सवताच्या घराला लावला तर नरकात जाईन मी. इंजेक्शन शंभर लिवा, आत्ता सही करतो. कौल एकसुदिक न्हाई."

यावर पंतांचं स्टूल कपाटाकडे फिरलं. डॉक्टरांनी चिठ्ठी पुन्हा पुढे सरकवली. मग हंबीररावच विचार करायला लागले. त्यांना गप्प बसून नुकसान सोसायची सवय नव्हती.

"म्हंजे आसं बघा," ते म्हणाले, "धर्मखात्यातनं कौलं घालायची, तर घर माझं आसता कामा नये."

"बरोबर," पंत म्हणाले.

"पर खोली जर दवाखान्याचीच आसली तर?"

डॉक्टरांनी बाळासोकडे पाहिलं, बाळासोनं छताकडे. पंतांनी दोन्ही पाय जमिनीला टेकवून स्टूल घट्ट धरलं.

"मी ती खोली दवाखान्याला बक्षीस दिली, तर कौलांचा एक पैसा माझ्या खिशातनं जात न्हाई. काय?"

"एक पैसाही नाही," पंत म्हणाले. "आणि दारावर संगमरवरी पाटी लावता येईल."

"मोठी?"

"खोलीला शोभेल तेवढी."

"मग मोठीच लावा. खोलीचं काय, ती झाकून जाऊ दे."

त्यांनी हिशेब पुन्हा मांडायच्या आत, सोमवारी सकाळी पंतांनी बक्षीसपत्र सहीला नेलं. बायडाबाई आता दवाखान्याची भाडेकरू झाली आणि तिला बाहेर काढायचं तर ट्रस्टच्या सभेत ठराव करावा लागणार होता. त्या सभेत पाणी प्यायचं की चहा, यावरही आजवर एकमत झालेलं नव्हतं. आठवड्यात कौलं चढली. पुढच्या आठवड्यात, ऐन मे महिन्याच्या उन्हात, चाळीतल्या उरलेल्या पाचही बिऱ्हाडांना एकदम खोकला सुरू झाला आणि ती सगळी पंतांच्या स्टुलापुढे रांगेत उभी राहिली.

जुलैत पाटीचं अनावरण झालं. पाऊस धो धो कोसळत होता, म्हणून पाहुण्यांना खोलीतच दाटीवाटीनं उभं केलं होतं. वरून एक थेंब येत नव्हता. भिंतीला हात लावला तर हात कोरडा परत यायचा. बायडाबाई कोपऱ्यात उभी होती आणि सबंध भाषणभर एकदाही खोकली नाही. याकडे डॉक्टरांचं इतकं लक्ष होतं की भाषण त्यांनी ऐकलंच नाही.

"आरोग्य आणि कायदा एका छपराखाली आलं," हंबीरराव म्हणाले, आणि सगळ्यांनी वर पाहिलं, "की समाजाची किती बचत हुतीया, ह्याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा. मी माझा केलाय. माझी दोनशे कौलं वाचली."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात पंतांनी वाजवल्या.

मग कुणीतरी म्हणालं, बाईंनीही दोन शब्द बोलावेत. बायडाबाईनं पदर सावरला. हंबीररावांनी आभार ऐकण्यासाठी मान थोडी खाली घातली. एका पाहुण्यानं रुमाल काढून तयार ठेवला.

"बाळासो," ती म्हणाली, "आता मला औषीद लागत न्हाई न्हवं? मग माजी बाटली तेवढी आणून दे की बाबा. गोडं तेल शेजारणीच्या बाटलीत आणाय लागतंय."