ब्लासिउसच्या खानावळीतला बेतू

रुतेंग शहराच्या बाजारामागे ब्लासिउसची खानावळ आहे. तिथे मी भांडी घासायचे, भाजी चिरायचे, भात लावायचे. मांस मात्र तो स्वतः शिजवायचा, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आतून कडी घालून. तुकडे बांबूच्या नळीत कोंबून निखाऱ्यावर ठेवायचा आणि रस्सा झाला की मला हाक मारायचा, "रोफिना, मीठ बघ गं."

त्याने दारावर 'खरा डोंगरी बेतू मिळेल' अशी पाटी लावली, त्या दिवशी मीठ बघायला मी दुसऱ्या हाकेला गेले. बेतू म्हणजे आमच्या डोंगरातला उंदीर. घुशीहून मोठा, हातभर लांब, आणि शेपटी त्याहून लांब. आमच्या फ्लोरेस बेटाबाहेर तो कुठेच नाही. माझ्या लहानपणी एमा, म्हणजे माझे वडील, तो बिळातून खणून काढायचे. पुढे दहा बिळं खणली तरी एक सापडेना. तेव्हा सगळ्या गावाने ढोलघरात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, कोंबडा कापून शपथ घेतली, बेतू मारायचा नाही, खायचा नाही. मीही होते त्यात. आणि इथे रोज चमचाभर रस्सा जिभेवर घेत होते. नोकरी जाईल म्हणून गिळत होते. मग मोरीत जाऊन चूळ भरायचे, पण तो उग्र, तेलकट वास टाळूला चिकटून राहायचा. स्वतःचीच किळस यायची.

पाटीची बातमी गावात पोचली. बिळांच्या जागा एमांइतक्या कुणालाच ठाऊक नाहीत, तेव्हा लोक त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघू लागले. एक दिवस ते ट्रकमध्ये बसून थेट खानावळीत आले. भर दुपार होती. शेजारच्या टेबलावर किनाऱ्याकडचे दोघे बोटं चाटत जेवत होते. एमांनी बेतूच मागितला. ब्लासिउसने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. स्वतः वाढून गेला. "खा काका, वाडवडिलांची चव आहे."

एमांनी घास तोंडात घेतला आणि तळहातावर थुंकला. मांडीचं हाड बोटांत फिरवून बघितलं.

"एनू, पोरी," ते मला म्हणाले, "हा बेतू नाही. बेतू पाला खातो, रानातली फळं खातो. याला गटाराचा वास येतोय. मागचं दार उघड."

शेडला नुसती दोरी गुंडाळलेली होती. आत टबात सोललेले उंदीर पडले होते, बाजाराच्या गटारातले. काही फुगलेले. एकाचं पोट फाटून निळे दाणे बाहेर आले होते. दुकानदार उंदरांसाठी विष लावून ठेवतात, तेच दाणे. बाजूला शेपट्यांचा ढीग, त्यावर माशा. मी तिथेच ओकले. महिनाभर गिळलेला एकेक चमचा आठवून ओकले.

ब्लासिउस मागे येऊन उभा राहिला. "गप्प बस. तुमचा एक तरी बेतू मेला का? उलट तुम्ही माझे आभार मानायला हवेत."

सगळ्यात घाण गोष्ट ही, की क्षणभर मला हायसं वाटलं. शपथ मोडली नव्हती म्हणून.

एमांनी मूठभर शेपट्या उचलल्या आणि त्या दोघांच्या टेबलावर टाकल्या. एकजण तोंड दाबून बाहेर पळाला. दुसऱ्याने ब्लासिउसला आईवरून शिव्या दिल्या, दोनदा गुळणी केली आणि मग विचारलं, "बरं, मग खरा कुठे मिळतो? आमच्याकडे कुत्री आहेत, गाडी आहे."

"या म्हाताऱ्याला विचारा," ब्लासिउस म्हणाला. माझ्या बापाच्या शिकारीच्या गोष्टी मीच त्याला सांगितल्या होत्या, आणि हाच तो बाप हे त्याच्या लक्षात आलं होतं. "सगळी बिळं पाठ आहेत त्याला."

एमांनी शेपट्यांचे हात टेबलाच्या कडेला पुसले. मग सरळ त्या माणसाकडे बघून म्हणाले, "उरलेच नाहीत आता. शेवटची मादी मीच मारली. पोटात पिल्लं होती. तीही भाजून खाल्ली."

याआधी आयुष्यात मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं.

त्या माणसाच्या मिशीला अजून गटारी उंदराचा रस्सा लागलेला होता. तो एमांच्या पायाशी थुंकला. "माणूस आहेस का तू?"

एमांनी मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

मी नोकरी सोडली. खानावळ चालूच आहे. आता पाटीवर रानडुक्कर लिहिलंय, आणि गर्दी म्हणतात पूर्वीइतकीच असते. कुत्री घेऊन आमच्या डोंगरावर कुणी आलं नाही.

शेवटची गाभण मादी लाम्बेर्तुसने, म्हणजे माझ्या एमांनी, खाल्ली ही बातमी मात्र आमच्याआधी गावात पोचली होती. मी ढोलघरात उभी राहून सगळं सांगितलं, निळ्या दाण्यांसकट. गावप्रमुखाने ऐकून घेतलं, बाकीच्यांनाही पटलं. फक्त माझी आत्या अजून एमांच्या हातची पानसुपारी घेत नाही.

"खोटं असेना का," ती म्हणते, "पण असलं बोलायला जीभ वळली कशी त्याची?"